तात्पुरता स्मृतिलोप आणि वैमानिकाचे पुनरागमन



स्मृतिव्याख्यानमालेत स्मृती हाच विषय यावा, हा योग मी मुद्दाम जुळवून आणलेला नाही. या शाळेच्या पटांगणातून सांबऱ्याच्या दिशेने उतरणारी विमाने पाहत मी वाढलो आणि पुढे प्रवासी विमानांचा वैमानिक म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. त्यामुळे मी विमानांविषयी बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. ती मी पुरी करणार आहे. मात्र ज्या बाजूने सहसा कोणी बोलत नाही, त्या बाजूने.

प्रश्न असा आहे. एखाद्या वैमानिकाची स्मरणशक्ती काही तासांसाठी नाहीशी झाली आणि मग पूर्ववत झाली, तर त्याला पुन्हा विमान चालवू द्यावे काय? द्यायचे असेल तर कोणत्या आधारावर, आणि ते ठरवायचे कोणी? मी ५४ वर्षांचा असताना हा प्रश्न माझ्याच वाट्याला आला. त्याचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्र, गणित आणि प्रामाणिकपणा या तिन्ही गोष्टींशी माझी नव्याने ओळख झाली. तीच आज आपल्यापुढे मांडतो.

आजाराचे स्वरूप

या विकाराला ‘ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया’ म्हणतात. मराठीत ‘तात्पुरता सर्वव्यापी स्मृतिलोप’ म्हणता येईल. मिलर फिशर आणि रेमंड अ‍ॅडम्स या मेंदुविकारतज्ज्ञांनी १९५८ साली त्याला हे नाव दिले आणि १९६४ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. विकार दुर्मीळ आहे. लाख लोकांमागे वर्षाला साधारण ३ ते ८ जणांना तो होतो. पन्नास ते सत्तर या वयात त्याचे प्रमाण अधिक, चाळिशीच्या आत क्वचितच. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला, शेजारी दुसरा वैमानिक असल्यास, ६५ वर्षांपर्यंत उड्डाण करता येते. म्हणजे या विकाराचे वय आणि अनुभवी कप्तानाच्या सेवेची शेवटची वर्षे एकमेकांत मिसळलेली आहेत.

झटका अचानक येतो. थंड पाण्यात बुडी, जड शारीरिक श्रम, तीव्र वेदना, मानसिक धक्का अशी कारणे पुष्कळदा आधी घडलेली आढळतात. कधी काहीच आढळत नाही. माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो, चालतो, घरच्यांना ओळखतो, स्वतःचे नाव-गाव सांगतो. फक्त नवे काही त्याच्या मनात टिकत नाही. तो एकच प्रश्न विचारतो, उत्तर ऐकतो, समाधान पावतो आणि चार मिनिटांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारतो. मागचे काही दिवस, कधी काही वर्षेही, धूसर होतात. बहुधा चार ते सहा तासांत, आणि व्याख्येनुसार चोवीस तासांच्या आत, सारे पूर्ववत होते. झटक्याचा काळ मात्र कायमचा कोरा राहतो.

हे कसे घडते ते समजण्यासाठी शाळेतलाच दृष्टान्त घेऊ. आपल्या मनात एक पाटी आहे, वह्यांनी भरलेले एक कपाट आहे, आणि पाटीवरचे वहीत उतरवून घेणारा एक लेखनिक आहे. आत्ता ऐकलेला दूरध्वनी क्रमांक पाटीवर असतो. लहानपणच्या कविता, पाढे, आप्तांचे चेहरे कपाटात असतात. लेखनिकाचे काम मेंदूच्या दोन्ही बाजूंस, कानशिलांच्या आत असणारा ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा भाग करतो. त्याचा आकार समुद्री घोड्यासारखा, म्हणून हे ग्रीक नाव. या विकारात पाटी शाबूत असते, कपाटही बहुतांशी शाबूत असते. लेखनिक तेवढा काही तास रजेवर जातो. पाटी पुसली की लिहिलेले गेले. झटक्यानंतर एक ते तीन दिवसांनी विशिष्ट पद्धतीचे एमआरआय केले, तर पुष्कळ रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात आणि पुढे ते नाहीसे होतात. लेखनिक रजेवर का जातो, याविषयी रक्ताभिसरण, शिरांतील दाब, अर्धशिशीसारखी प्रक्रिया अशी अनेक मते आहेत. सर्वमान्य असे एकही नाही.

या विद्येला मोठा आधार एका रुग्णाने दिला. हेन्री मोलेसन हे त्याचे नाव. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ साली अमेरिकेत त्याच्या मेंदूतील हा भाग दोन्ही बाजूंनी काढण्यात आला, आणि २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याला नवी आठवण साठवता आली नाही. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला. पण हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला दर वेळी नव्याने सांगावे लागे. हाताची स्मृती वेगळी आणि प्रसंगांची स्मृती वेगळी, हे त्यावरून स्पष्ट झाले. वैमानिकाच्या बाबतीत सारा पेच या भेदातूनच निर्माण होतो.

कॉकपिटमध्ये झटका आला तर

नियंत्रण कक्षाकडून सूचना येते: दहा हजार फुटांपर्यंत खाली या. स्मृतिलोपाच्या झटक्यात असलेला वैमानिक ती सूचना बिनचूक परत म्हणून दाखवील, कारण पाटी शाबूत आहे. त्याचा हात उंचीचे बटण बरोबर आकड्यावर फिरवील, कारण हाताची स्मृती शाबूत आहे. दोन मिनिटांनी तो त्या आकड्याकडे पाहील आणि हा आकडा इथे का, आपण कुठून निघालो, कुठे चाललो, इंधनाचा हिशेब कधी केला, यांपैकी काहीही त्याला सांगता येणार नाही.

वैमानिक बेशुद्ध झाला तर शेजाऱ्याला ते लगेच कळते. म्हणून आम्हाला एक साधा नियम शिकवतात: सहकाऱ्याने दोन हाकांना योग्य प्रतिसाद दिला नाही, तर तो अक्षम झाला असे समजून विमानाचा ताबा घ्यावा. स्मृतिलोपाचा रुग्ण मात्र दोन्ही हाकांना ओ देईल. तो स्वस्थ दिसेल, पण पुन्हा पुन्हा विचारील. अशा अक्षमतेला आमच्या व्यवसायात ‘सूक्ष्म अक्षमता’ म्हणतात आणि ती उघड अक्षमतेपेक्षा अधिक घातक मानतात. शिवाय आपण विसरलो आहोत हेच त्या माणसाच्या लक्षात राहत नाही. डोके दुखले, छातीत कळ आली, तर वैमानिक स्वतः सांगू शकतो. येथे सांगणारा दुसराच कोणीतरी लागतो.

वैमानिकी व्यवसायाचा स्मरणशक्तीवरचा विश्वास फार पूर्वीच उडालेला आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोमधील राइट फील्डवर बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे नवे बाँबफेकी विमान चाचणीच्या उड्डाणात उठताच कोसळले. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने पृष्ठभाग हलू नयेत म्हणून लावलेली कळ सोडायची राहून गेली होती. चालवणारे मेजर प्लॉयर हिल निष्णात वैमानिक होते; ते त्यात मृत्यू पावले. निष्णात माणूसही विसरतो, हा धडा घेऊन वैमानिकांसाठी लेखी चेकलिस्ट तयार झाली. आज आम्ही कितीही वर्षे उडवलेले विमान असो, यादी वाचल्यावाचून हलत नाही. नियंत्रकाची सूचना परत म्हणून दाखवतो, महत्त्वाचे आकडे दोघे तपासतो. ही सारी व्यवस्था एकाच्या विस्मरणाची भरपाई दुसऱ्याने करावी यासाठी आहे. माझ्या पुनरागमनाचा विचार शक्य झाला, तो याच व्यवस्थेमुळे.

निदान: नाव देण्यापूर्वी काय वगळायचे

माझा झटका सुटीत आला. जानेवारीतल्या पहाटे नरसोबाच्या वाडीला कृष्णेच्या थंड पाण्यात स्नान करून मी घाटावर आलो, आणि पुढचे सुमारे पाच तास मला आजही माहीत नाहीत. जे माहीत आहे ते सौभाग्यवतीकडून. ‘आपण इथे कसे आलो?’ हे मी तिला विचारत राहिलो. आरती मला तोंडपाठ येत होती; आदल्या रात्री आम्ही कोठे उतरलो होतो, ते येत नव्हते. गाडीची किल्ली तिने माझ्या हाती दिली नाही, गाडी दुसऱ्याकडून चालवून घेतली आणि मला रुग्णालयात नेले. वाटेत पंचांगाच्या पाठकोऱ्या पानावर ती वेळा टिपत गेली: किती वाजता काय विचारले, चेहरा वाकडा झाला काय, बोलणे अडखळले काय, हातपाय झटकले काय. पुढे माझ्या फायलीत अनेक महागड्या तपासण्यांचे अहवाल जमा झाले; पण प्रत्येक तज्ज्ञाने पहिल्याने मागितला तो हा कागद.

त्याचे कारण शास्त्रीय आहे. हॉजेस आणि वॉरलो या ब्रिटिश तज्ज्ञांनी १९९० साली निदानाच्या ज्या कसोट्या दिल्या, त्यांतली पहिलीच अशी की झटका पाहणारा साक्षीदार हवा. पुढच्या कसोट्या वगळण्याच्या आहेत. शुद्ध हरपलेली नसावी, स्वतःची ओळख गेलेली नसावी, पक्षाघाताची किंवा अपस्माराची लक्षणे नसावीत, नुकताच डोक्याला मार लागलेला नसावा, आणि चोवीस तासांत सर्व निवळलेले असावे. रक्तातील साखर उतरणे, झोपेची काही औषधे, मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर खंडित होणे यांनीही स्मृती हरवल्यासारखी दिसू शकते. त्यांतले प्रत्येक कारण वैमानिकाच्या दृष्टीने निराळा निकाल देणारे आहे.

सर्वांत फसवा जुळा भाऊ म्हणजे अपस्मारजन्य स्मृतिलोप. त्याचे झटके बहुधा तासाभराच्या आतले, पुष्कळदा झोपेतून उठताना येणारे आणि पुन्हा पुन्हा येणारे असतात. हॉजेस-वॉरलो यांच्या पाहणीत स्मृतिलोपाच्या रुग्णांपैकी सुमारे ७ टक्क्यांना पुढे अपस्मार जडला, आणि तो बहुधा वर्षाच्या आतच. उलट ज्यांचा झटका सर्व कसोट्यांना उतरला, त्यांचे पुढचे आयुष्य निर्धोक असल्याचे आढळले. पक्षाघाताचा धोका त्यांना इतरांहून विशेष अधिक नव्हता. वैमानिकाला झटक्यानंतर दीर्घ काळ जमिनीवर का ठेवतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे. तो काळ शिक्षेचा नसतो. जुळ्या भावाला तोंड दाखवायला दिलेली ती मुदत असते.

एक टक्क्याचे गणित

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, ते सर गणित शिकवीत, आणि उत्तर बरोबर असले तरी रीत लिहिल्याशिवाय गुण देत नसत. म्हणून रीत मांडतो.

विमानवैद्यकात ‘एक टक्क्याचा नियम’ म्हणून एक मोजपट्टी आहे. वैमानिक एका वर्षात अचानक अक्षम होण्याची शक्यता एक टक्क्याहून अधिक नसावी, असे तो सांगतो. वर्षात ८७६० तास, म्हणजे ढोबळमानाने दहा हजार. वर्षाला शंभरात एक म्हणजे दर तासाला दहा लाखांत एक. तासाभराच्या उड्डाणात उठण्याचा आणि उतरण्याचा नाजूक काळ सुमारे दहा टक्के. म्हणून त्या काळात घोटाळा होण्याची शक्यता एक कोटीत एक. अशा वेळी प्रशिक्षित दुसऱ्या वैमानिकाला विमान सावरता येणार नाही, असे शंभरात एकदा घडेल असे धरले, तर अपघाताची शक्यता दर तासाला शंभर कोटींत एक. एवढा धोका समाजाने पत्करण्याजोगा मानला आहे. पुढे काही तज्ज्ञांनी ही मर्यादा दोन टक्क्यांवर न्यावी असेही सुचवले.

आता स्मृतिलोपाचा आकडा. बहुतेकांना हा झटका आयुष्यात एकदाच येतो. पण पुन्हा येण्याची शक्यता शून्य नाही, आणि काही पाहण्यांत ती वर्षाला एक टक्क्याहून अधिक भरते. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, एकट्याने विमान चालवण्याची परवानगी देणे कठीण, कारण वरच्या गणितातील सर्वांत मोठा आधार दुसऱ्या वैमानिकाचा आहे. दुसरी, दोन वैमानिकांच्या विमानात, निदान निश्चित असेल, तपासण्या निर्दोष असतील आणि पुरेसा काळ झटक्याविना गेला असेल, तर दार कायमचे बंद करण्याचेही कारण उरत नाही. म्हणून ‘पात्र सहवैमानिकासहच उड्डाण’ अशी अट घालून परवाना देण्याची पद्धत पडली. प्रतीक्षेचा काळ देशोदेशी वेगळा असतो आणि प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासले जाते. अमेरिकेच्या नियमांचा रोखही असाच आहे: मज्जासंस्थेवरील ताबा क्षणिक सुटला आणि त्याचे समाधानकारक वैद्यकीय स्पष्टीकरण नसेल, तर वैमानिक अपात्र ठरतो. झटक्याइतकेच महत्त्व स्पष्टीकरणाला आहे.

परतीची वाट

आपल्याकडे अशा वैमानिकांची तपासणी हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थांत होत आली आहे. त्यांपैकी बंगळूरची संस्था १९५७ साली सुरू झाली. मला आधी तात्पुरते अपात्र ठरवण्यात आले. एमआरआय, जागेपणीचा आणि झोपेतला मेंदूचा आलेख, मानेच्या रक्तवाहिन्या, हृदय, आणि स्मृतीच्या लेखी-तोंडी चाचण्या झाल्या. काही महिन्यांनी त्यांतल्या पुष्कळशा पुन्हा झाल्या. वर्षाहून अधिक काळ मी जमिनीवर होतो. भत्ते बंद झाले. चष्मा कोठे ठेवला हे न आठवण्याचा साधा प्रसंगही त्या वर्षात मनात धस्स करून जाई. स्मृतीच्या चाचण्यांचे आकडे माझ्या वयाच्या निरोगी माणसासारखे आले, तेव्हाच ती भीती उतरली.

वैद्यकीय पात्रता मिळाली म्हणजे कौशल्य मिळाले असे नाही. मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन उतरणी केलेली असावीत, हा सर्वच वैमानिकांसाठीचा दंडक आहे; माझा खंड तर त्याहून कितीतरी मोठा होता. म्हणून सिम्युलेटरवर पुन्हा धडे, परीक्षा, निरीक्षकाच्या देखरेखीखाली उड्डाणे, असा सारा क्रम झाला. सहवैमानिकाची अट माझ्या परवान्यावर शेवटपर्यंत राहिली. प्रत्येक उड्डाणापूर्वी मी शेजारच्या तरुण सहकाऱ्याला सांगत असे, ‘मी एकच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर देऊ नका, ताबा घ्या.’ हे वाक्य उच्चारण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. निवृत्तीपर्यंत ते अमलात आणण्याची वेळ कोणावर आली नाही.

माझ्याबरोबर त्याच सुमारास जमिनीवर आलेले एक सहकारी परत येऊ शकले नाहीत. त्यांचे झटके आखूड होते, ते पुन्हा आले आणि अपस्मार सिद्ध झाला. त्यांच्यावर अन्याय झाला असे मला वाटत नाही, त्यांनाही वाटले नाही. जी चाळणी कोणालाही अडवत नाही, तिच्यातून पार झाल्याचे मोल ते काय?

सांगणाऱ्याला वाट

आता ज्यासाठी हा विषय निवडला, त्या मुद्द्यावर येतो. माझा झटका सुटीत, घाटावर, एका साक्षीदारासमोर आला होता. दुसऱ्या दिवशी मी पूर्ण बरा होतो. ‘कशाला सांगता? कुणी पाहिलंय?’ असे हितचिंतकांनीच सुचवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. घर चालायचे होते, मुलांची शिक्षणे व्हायची होती. मी सांगितले, कारण वरच्या गणितातील प्रत्येक पायरी वैमानिक खरे सांगतो या गृहीतावर उभी आहे. ते गृहीत काढून घेतले की शंभर कोटींत एक हा आकडा कागदावरच राहतो.

पण खरे बोलण्याचा सारा भार एकट्या वैमानिकावर टाकून चालणार नाही. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीचे विमान फ्रान्समधील आल्प्स पर्वतात सहवैमानिकाने हेतुतः धडकवले आणि दीडशे माणसे गेली. त्याचा आजार मानसिक होता, त्याचा स्मृतिलोपाशी संबंध नाही. मात्र डॉक्टरांनी त्याला कामास अयोग्य ठरवले असता त्याने ते कंपनीपासून लपवले होते, आणि परवाना व उत्पन्न जाण्याची भीती वैमानिकांना आजार सांगण्यापासून परावृत्त करते, याची नोंद फ्रेंच चौकशी अहवालाने घेतली. सांगणाऱ्याला परतीची वाटच नसेल, तर सांगणारे कमी होतील आणि लपवणारे आकाशात राहतील. म्हणून कडक तपासणी, मोजकी प्रतीक्षा आणि उघडे राहू शकणारे दार या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. परतलेल्या वैमानिकावर उपकार म्हणून हे दार ठेवायचे नसते. मागच्या आसनांवर बसलेल्या दीड-दोनशे माणसांसाठी ते ठेवायचे असते.

येथे बसलेल्यांपैकी फार थोडे वैमानिक होतील. पण पन्नाशी ओलांडलेले आईवडील, काका-मावश्या प्रत्येकाच्या घरी आहेत. कोणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, तर त्यांना हसू नका, रागावू नका. घड्याळ पाहून वेळ लिहा, वाहन चालवू देऊ नका, एकटे सोडू नका आणि तत्काळ रुग्णालयात न्या. पक्षाघात नाही ना, हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. आणि शिक्षकांना, तसेच ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात अशा माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की आपणहून येऊन अडचण सांगणाऱ्याचे काय होते, हे बाकीचे सारे पाहत असतात. पुढच्या वेळी आपल्याला खरे ऐकायला मिळणार की नाही, हे त्या दिवशीच ठरते.